हमूदाचं कोरड्यावरचं कुंपण

केर्कना बेटावर एक काळ असा होता, की ज्याला समुद्रात कुंपण घालता येत नाही त्याला मुलगी द्यायला लोक दहादा विचार करत. हमूदाला ते पंधराव्या वर्षीच येत होतं. शाळेचं मात्र चौथीवरच आटोपलं. पाचवीत मुख्य भूमीवरून नवे मास्तर आले होते. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "समुद्राचा रंग कोणता?" हमूदा उभा राहिला आणि म्हणाला, "कुठला समुद्र, मास्तर? वाळूवरचा, का गवतावरचा? भरतीचा, का ओहोटीचा?" पोर चेष्टा करतंय असं वाटून मास्तरांनी त्याला बाकावर उभं केलं. तो बाकावरून उतरला तो थेट बापाच्या होडीत. पुढं पन्नास वर्षं त्यानं तो प्रश्न पुष्कळांना विचारून पाहिला, पण एका शब्दात उत्तर देणारा माणूस बेटावर काही निघाला नाही.

त्या बाजूचा समुद्र तसा गरीब. कोसभर आत चालत गेलं तरी पाणी मांडीच्या वर येत नाही. शेताचे असावेत तसे त्याचेही तुकडे पडलेले, बापाकडून मुलाकडे आलेले, आणि ज्याच्या त्याच्या तुकड्यात ज्याचं त्याचं कुंपण. खजुराच्या झावळ्या एकीला एक खेटून वाळूत रोवायच्या आणि किनाऱ्याकडून खोल पाण्याकडे भिंत न्यायची. ओहोटीला मासा परत निघाला की झावळ्या आडव्या येतात. आता मासा काही त्यांना धडका देत बसत नाही. 'हे संपतं तरी कुठं, बघू' म्हणत तो कडेकडेनं चालू लागतो, आणि जिथं ते संपतं तिथं झावळ्यांचीच एक गोल खोली असते. आत शिरला की परतीची वाट त्याला सापडत नाही. बोईसारखा चौकस मासा तर हमखास जातो. हमूदाचा बाप म्हणायचा, "माशाला कोण अडवणार? आपण फक्त त्याच्या डोक्यात दुसरीकडं जायचं घालायचं."

ही विद्या घरात उपयोगी पडेल असं मात्र हमूदाला सत्तरीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत कधी वाटलं नव्हतं.

बायको झोहरा सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगा तौफीक मुख्य भूमीवरच्या स्फाक्स शहरात, गोदीत इंजिनं दुरुस्त करायचा आणि सुट्टीला बोटीनं घरी यायचा. सून विदाद गावच्या दवाखान्यात परिचारिका. ती स्फाक्सची, चौथ्या मजल्यावर वाढलेली, पण हमूदाला पहिल्या दिवसापासून बाबा म्हणायची, आणि त्याच्या कालवणात मीठ जास्त झालं तर तोंडावर सांगायची. त्यामुळं दोघांचं छान जमायचं. आणि मग यामना झाली. नाव हमूदाच्या आईचं. गोष्ट घडली तेव्हा तिला एक वर्ष दहा महिने झाले होते, पुढचे सहा दात होते, आणि पाय होते ते कुणाच्याच ताब्यात नव्हते.

विदाद दवाखान्यात गेली की यामना हमूदाकडे. हमूदा समुद्रात असला तर ती दोन घरं सोडून राहणाऱ्या जनातकडे. जनात त्याची चुलत बहीण, दोन वर्षांनी मोठी, आणि जिभेनं चांगली वीस वर्षांनी.

मार्चमधल्या एका मंगळवारी हमूदा अंगणात मासे ठेवायची टोपली विणत बसला होता. यामना शेजारी शेळीच्या कानात बोट घालून आत काय आहे ते बघत होती. चहा उतू जायला लागला म्हणून तो उठला, आत गेला, किटली खाली उतरवली आणि बाहेर आला. शेळी होती. यामना नव्हती.

हमूदा विहिरी आणि शेजारची घरं धुंडाळत राहिला, आणि तासाभरानं ती विदादला सापडली. दवाखान्यातून लवकर सुटून ती किनाऱ्याच्या वाटेनं येत होती. पाण्यात ऐंशी पावलं आत पोर बसलेली, पाणी छातीला लागलेलं, आणि ती एका बुटानं पाण्याला मारत होती. दुसरा बूट पुढं तरंगत चालला होता, आणि बहुधा तोच आणायला ती निघायच्या बेतात होती.

विदाद ओरडली नाही, रडलीही नाही. पोरीचे कपडे बदलले, तिला दूध-खजूर दिलं, झोपवलं आणि मग अंगणात येऊन सासऱ्यासमोर बसली. दोन्ही हात तिनं मांडीखाली दाबून धरले.

"बाबा, मी दवाखान्यात बुडालेली पोरं बघितली आहेत. गुडघाभर पाण्यात बुडालेली. तुमच्या गुडघाभर."

हमूदानं विणायची टोपली बाजूला सारली.

"मी तुम्हाला बोल लावत नाही. ती माझ्या हातूनही सुटली असती. पण पुन्हा एकदा ही पाण्यात एकटी सापडली, तर मी हिला घेऊन आईकडे जाईन. बदलीचा अर्ज लिहून ठेवलाय, खोटं नाही सांगत. तीन आठवड्यांनी तौफीक येईल तेव्हा काय ते ठरवू."

"तुझ्या आईकडं चौथा मजला आहे."

"आणि दाराला कडी आहे."

"एवढी पोर चौथ्या मजल्यावर करेल काय?"

"जगेल, बाबा."

झोहरा गेल्यानंतरची, यामना होईपर्यंतची चार वर्षं हमूदाला आठवली. त्या दिवसांत तो किटलीशी बोलायला लागला होता. किटलीनंही एकदा उत्तर दिल्याचं त्यानं जनातला सांगितलं, तेव्हा जनातनं पाव आणि तिखट घेऊन रोज दुपारी त्याच्याकडे येऊन बसायला सुरुवात केली. यामना स्फाक्सला गेली तर ते दिवस पुन्हा येणार, हे त्याला कुणी समजावून सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं 'नको' सुरू केलं. यामना, नको. तिकडं नको. विहीर नको, वाट नको, पाणी नको. दुपारपर्यंत त्याचा घसा बसला. संध्याकाळी यामना शेळीसमोर उभी राहून बोट नाचवत म्हणत होती, "नको! नको!" शेळीला म्हणाली, कोंबडीला म्हणाली, मावळत्या सूर्यालाही म्हणाली. सूर्य तेवढा तिचं ऐकत नव्हता. शब्द तिला फार आवडला, पण तो आपल्यासाठी आहे अशी शंका तिला शेवटपर्यंत आली नाही.

जनातला हे सगळं पोरखेळ वाटत होतं.

"दोरी बांध, दोरी. कमरेला एक टोक, खजुराला एक टोक. माझी तिन्ही पोरं दोरीवर वाढली."

"म्हणून तिघंही फ्रान्सला पळाली, ताई."

"पळाली तरी जिवंत पळाली ना? आणि तू रे? तुलाही काकी बांधायची, विसरलास? दात आले तशी दोरी चावून तोडलीस आणि गेलास समुद्रात."

ही गोष्ट बेटावर सगळ्यांना ठाऊक होती, फक्त प्रत्येकाची वेगळी होती. तीन वर्षांचा हमूदा हरवला. गावानं विहिरी धुंडाळल्या. आणि ओहोटीला बाप मासे काढायला गेला तर कुंपणाच्या खोलीत, माशांच्या मधोमध, पोटापर्यंतच्या पाण्यात पोरगं उभं. बापानं म्हणे मारलं नाही. "आलास? मग ही टोपली धर," एवढंच म्हणाला. जनातच्या मते टोपली नव्हती, थोबाडीत होती. हमूदाला टोपलीच आठवायची. ते काही असो, दोरीला तो तयार झाला नाही. त्याऐवजी त्यानं अंगणाचं फाटक बंद केलं. यामना फाटकाशी उभी राहून असं रडली की समोरच्या घरातलं गाढवही सुरात सूर मिसळायला लागलं. तिसऱ्या दिवशी तिनं बादली उपडी घातली, बादलीवरून दगडी गडग्यावर चढली आणि पलीकडे वाळलेल्या समुद्रगवताच्या ढिगात पडली. हमूदा तिथं पोचला तेव्हा ती हसत होती आणि पुन्हा चढायचं कसं ते बघत होती.

त्या दुपारी त्याला बापाचं वाक्य आठवलं, आणि आपण आजवर काय गाढवपणा केला म्हणून त्यानं कपाळावर हात मारला. समुद्रातल्या कुंपणातून उरलेल्या झावळ्या मागच्या बाजूला रचून ठेवलेल्या होत्या. फाटक उघडं टाकून, दारापासून सुरू करून, त्यानं कोरड्या वाळूत कुंपण घालायला घेतलं. एक झावळी, तिला खेटून दुसरी, मध्ये एस्पार्टो गवताच्या दोरीची गाठ. दोन दिवस हात भराभर चालले. यामना मागून येऊन प्रत्येक झावळीला हात लावून बघत होती. शेवटी त्यानं एक सुरेख गोल खोली केली, तिच्यावर सावलीला झावळ्या टाकल्या आणि जनातला बोलावून दाखवली.

"पोर कडेकडेनं चालत येईल आणि इथं येऊन बसेल. बोईसारखी."

जनातनं एकदा कुंपणाकडे पाहिलं, एकदा समुद्राकडे. तिला काहीतरी खटकलं, पण काय ते सांगता येईना, म्हणून फक्त एवढंच म्हणाली, "बघ बाबा."

खटकलं ते दुसऱ्या सकाळी कळलं. पन्नास वर्षं ज्या हातांनी किनाऱ्याकडून पाण्याकडेच कुंपण नेलं, त्यांना दुसरी दिशा माहीतच नव्हती. हमूदाचं डोकं अंगणात होतं आणि हात समुद्रात. दारापासून निघालेली भिंत सरळ उतारानं पाण्याकडे गेली होती, खोली ओल्या वाळूवर होती, आणि घाईत त्यानं तिचं तोंडही बाहेरच्या, म्हणजे समुद्राच्या बाजूला ठेवलं होतं. यामनानं झावळ्यांवर डावा हात ठेवला आणि टप्‌टप्‌ करत कुठंही न अडखळता पाण्यापर्यंत चालत गेली. एरवी तिला वाट तरी शोधावी लागायची. आता आजोबांनी ती हाताला धरून दाखवली होती.

हमूदानं गाठलं तेव्हा पाणी घोट्याला लागलेलं होतं. जनात मागून धापा टाकत आली आणि पोर सुखरूप आहे बघून वाळूत बसून हसायलाच लागली.

"अरे हमूदा, तुझ्या कुंपणात मासे आत येतात, पोर तेवढी बाहेर जाते."

"हस. तू हस. विदादला काय सांगू?"

जनातचं हसू थांबलं. "कशाला सांगतोस? घोटेच तर भिजले. मी काही पाहिलं नाही. माझी नजर तशीही कमी झालीय."

पण त्यानं सांगितलं. विदाद पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच सांगितलं, आणि कुंपणाची दिशाही दाखवली. विदाद त्या झावळ्यांच्या रांगेच्या कडेनं पाण्यापर्यंत चालत गेली आणि परत आली.

"मला कळलं नसतं, बाबा. मग सांगितलंत कशाला?"

"कुंपणाला भोक असलं की ते झाकून चालत नाही, पोरी. मासा ते शोधतोच."

विदाद आत गेली. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "तौफीक येईपर्यंत म्हटलं होतं ना मी? मग तोवर थांबते." आणि मग थोडं थांबून, "ते तोंड तरी बदला."

हमूदानं तोंड बदललं नाही. आधी त्यानं सगळं कुंपणच उपटलं आणि तीन दिवस काहीच केलं नाही. म्हणजे लोकांना तसं दिसलं. तो यामनाच्या मागं वीस पावलं अंतर ठेवून चालत राहिला, हातात विणायची दोरी घेऊन, आपण काही बघत नाही असा चेहरा करून. पंचवीस वर्षांपूर्वी असाच तो एका बोईच्या थव्यामागं दोन दिवस होडी घेऊन हिंडला होता, आणि झोहरानं त्याचं जेवण किनाऱ्यावरच्या दगडावर आणून ठेवलं होतं. यावेळी जेवण जनातनं आणलं.

"काय सापडलं?"

"पुष्कळ." हमूदा भाकर मोडत म्हणाला. "दारापासून पाण्यापर्यंत साठ पावलं आहेत. हिला तिथं पोचायला अर्धा तास लागतो. वाटेत अकरा ठिकाणी थांबते. भोक दिसलं की हात आत. गडग्यातली फट, खेकड्याचं बीळ, माझ्या जुन्या चपलेला पडलेलं भोक. पाण्याकडं जायचं तिच्या डोक्यातही नसतं, ताई. ती फक्त पुढच्या गोष्टीकडं जाते. पाणी सगळ्यात शेवटी आहे, म्हणून तिथं पोचते."

"एवढंच?"

"अजून एक आहे. तिचा एक हात कशावर तरी लागतो. भिंतीवर, शेळीवर, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीवर. होडी संपली की पुढं हात लावायला काही नाही. तिथं ती थांबते आणि मागं वळून बघते. रोज. तेवढाच एक क्षण. काल मी तिथं ओरडलो, तर पळत सुटली. आज ओरडलो नाही, नुसता हात पुढं केला. आली आणि धरला."

जनातनं भाकरीला तेल लावता लावता त्याच्याकडे पाहिलं. तिन्ही मुलांना मोठं करताना, पोरं कुठं थांबून मागं वळून बघतात ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. वेळच नव्हता. दुसऱ्या दिवशी ती आपल्या माडीवर पडलेली ऑक्टोपस पकडायची पाच जुनी मातीची मडकी घेऊन आली. ही मडकी समुद्राच्या तळाशी सोडून देतात. ना आमिष, ना गळ. ऑक्टोपसाला नुसतं भोक दिसतं आणि तो आपणहून आत जाऊन बसतो.

"घे. तुझ्या ऑक्टोपसाला," ती म्हणाली.

नवं कुंपण दारापासून निघालं आणि वळत वळत मागच्या अंजिराच्या झाडाखाली गेलं. खोली तिथं झाली. मडकी वाळूत अर्धी पुरली, आणि रोज सकाळी हमूदा प्रत्येकात काहीतरी वेगळं ठेवायचा: स्पंजाचा तुकडा, शिंपला, खजुराची बी, एकदा जिवंत गोगलगाय. यामना झावळ्यांवरून हात फिरवत यायची आणि खांद्यापर्यंत हात मडक्यात घालायची. गोगलगाय निघाली त्या दिवशी तिला दुपारच्या जेवणाची शुद्ध राहिली नाही.

पण बेटावरच्या पोरीला समुद्रापासून कायमचं वळवून कसं चालेल? आणि हमूदाला ते करायचंही नव्हतं. होडी संपते त्या जागी, जिथं यामना वळून बघायची, तिथं त्यानं एक खांब रोवला. खूण म्हणून निळी चिंधी बांधली, ती यामनानं सोडून तोंडात घातली. मग त्यानं आपली जुनी लाल लोकरी टोपी खांबावर चढवली आणि खिळ्यानं पक्की केली. यामना खांबापाशी गेली, टोपीकडे बघितलं, मग हमूदाच्या उघड्या डोक्याकडे बघितलं, आणि खांबाला मिठी मारली.

रोज ओहोटीला दोघं तिथं जायचे. टोपीपाशी हमूदा थांबायचा, हात पुढं करायचा आणि एकच शब्द बोलायचा, "हात." हात धरला की पाणी. मग किती का आत जाईना, किती का भिजेना. हात सोडून पाऊल पुढं टाकलं की तो तिला उचलायचा, न रागावता टोपीपाशी आणून ठेवायचा, आणि पुन्हा, "हात." पहिल्या दिवशी सतरा वेळा उचललं. रात्री तो कमरेला तेल चोळत असताना विदादनं विचारलं, "काय ओझं उचललंत?"

"तुझ्या पोरीची हौस," तो म्हणाला.

दुसऱ्या आठवड्यात सतराचे चार झाले. यामना टोपीपाशी उभी राहायची, पायाचा एक अंगठा हळूच पुढं सरकवायची आणि तिरक्या नजरेनं त्याच्याकडे बघायची. तो फक्त हात पुढं करायचा. अंगठा परत यायचा. आणि मग एका दिवशी हमूदाला समुद्रातलं कुंपण वाऱ्यानं पडलं म्हणून जावं लागलं, तेव्हा जनात यामनाला घेऊन किनाऱ्यावर बसली. पोरीनं पाऊल पुढं टाकलं. एवढ्याशा पाण्यानं काय होतंय म्हणून जनातनं जाऊ दिलं, आणि वर तिळाची वडी दिली. दुसऱ्या दिवशी हमूदाला पंचवीस वेळा उचलावं लागलं.

तो जनातच्या दारात जाऊन उभा राहिला.

"ताई, काल माझी एक झावळी उपटलीस तू."

"मी कुठं हात लावला तुझ्या कुंपणाला?"

"शंभर झावळ्या उभ्या असतात आणि एक नसते. मासा कुठून जातो?"

जनातही कुंपणवाल्याचीच मुलगी होती. त्या दिवसापासून तिच्याइतकं कडक कुणी राहिलं नाही. पोस्टमन चालता चालता टोपीच्या पलीकडं गेला तर त्यालासुद्धा ती ओरडायची, "ए, हात!" बिचारा पोस्टमन हात वर करून उभा राहायचा.

तीन आठवडे संपले आणि शनिवारी दुपारच्या बोटीनं तौफीक आला. येताना बायकोसाठी नवा फ्रिज घेऊन आला, गाढवाच्या गाडीवर. गाडी फाटकातून शिरली, पण अंजिराच्या बाजूला वळेना. तौफीकनं बघितलं, वाटेत बापानं काहीतरी झावळ्या लावल्यात; चार उपटल्या, गाडी घेतली, फ्रिज उतरवला, आणि नंतर परत लावू म्हणत जेवायला बसला. शहरात राहिलेल्या माणसाचं 'नंतर' फार लांबचं असतं.

जवाच्या कुसकुसावर, म्हणजे वाफवलेल्या कण्यांवर, बोईचं कालवण होतं. यामना आत झोपली होती. जनातही आली होती, कारण तौफीकचा फ्रिज बघायला सगळं गावच येणार होतं. जेवण संपत आलं तसं विदाद गप्प झाली. ताटातला मासा तिनं चमच्यानं इकडचा तिकडे केला आणि म्हणाली, "तौफीक, अर्जाचं बोलायचं होतं."

हमूदानं हातातला पाव खाली ठेवला.

"आधी हिला बघून येते," विदाद म्हणाली आणि उठली. आत गेली ती लगेच दारात आली. तिचा चेहरा बघूनच तिघं उठले. अंथरूण रिकामं होतं.

हमूदा अंजिराकडे वळला. मडकी होती, यामना नव्हती. कुंपणाकडे पाहिलं आणि त्याला चार झावळ्यांची फट दिसली. फटीतून समुद्र दिसत होता. पलीकडच्या वाळूवर लहान लहान पावलं उमटली होती.

"मी उपटल्या," तौफीक पुटपुटला.

सगळे गडग्यापाशी पोचले तेव्हा ती दिसली. भरती चढत होती. पाण्याची पहिली जीभ खांबाच्या बुडाला लागून परत जात होती, आणि यामना टोपीखाली उभी होती. डावा हात खांबावर. उजवा हात मागं, वर केलेला, बोटं पसरलेली. ती वळून बघत नव्हती. पुढं एक तरंगती कसली तरी काटकी होती, तिच्यावर तिचे डोळे लागले होते. पण पाऊल खांबाच्या अलीकडेच होतं.

"यामना!" तौफीकच्या तोंडून अर्धा शब्द निघाला, तोच हमूदानं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"हाक मारू नकोस. हाक मारलीस तर पळेल."

"बाबा, पाणी चढतंय," विदाद म्हणाली.

"चढू दे. ती थांबलीय. माझे गुडघे आता धावत नाहीत, पोरी. तू जा. पळू नकोस, चाल."

साठ पावलं चालत जायची होती. विदाद चालली. हमूदानं पुष्कळ बायका किनाऱ्यावर चालताना पाहिल्या होत्या, वादळात अडकलेल्या होड्यांकडे बघत, पण एवढ्या हळू चालायला एवढं बळ लागताना पाहिलं नव्हतं. मध्येच तिची ओढणी उडाली, ती तिनं उचलली नाही. जनात ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. तौफीकनं बापाचा दंड इतका घट्ट धरला की नंतर त्यावर चार बोटं उमटली.

लाट आली आणि यामनाच्या अंगठ्याला लागली. तिनं तो मागं घेतला. उजवा हात अजून वर केला आणि जरा वैतागूनच म्हणाली, "हात."

विदादनं तो धरला.

कुणाचा हात आहे ते यामनानं बघितलंसुद्धा नाही. धरला आणि निघाली. विदाद बूट काढायला थांबली नाही. तिला तेवढा वेळ मिळालाच नाही. दोघी काटकीपर्यंत गेल्या, काटकी उचलली, तिला दोन्ही टोकांना भोक आहे का ते बघितलं, नव्हतं, म्हणून टाकून दिली आणि पुढची शोधली. किनाऱ्यावर जनातनं डोळे पुसले आणि म्हणाली, "माझी नजर कमी झालीय, पण हे मी पाहिलं."

बऱ्याच वेळानं विदाद परत आली. गुडघ्यापर्यंत भिजलेली, कडेवर पोर, बुटातून पाणी वाहतंय. तौफीकनं तिच्याकडे बघून विचारलं, "अर्जाचं काय म्हणत होतीस?"

विदादनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ती हमूदाकडे वळली.

"बाबा, भरतीला पाणी टोपीपाशी येतं. उद्या तो खांब चार पावलं अलीकडे घ्या."

"घेतो," हमूदा म्हणाला.

मग तो अंगणात गेला, उपटलेल्या चार झावळ्या गोळा केल्या आणि दोरी शोधायला लागला. दोरी सापडली ती तिसऱ्या मडक्यात, विदादच्या माहेरच्या किल्लीबरोबर; दोन्ही यामनानं तिथं नेऊन टाकल्या होत्या. तौफीकनं झावळ्या धरल्या आणि हमूदानं गाठी मारल्या. यामना मागून आली आणि चारही झावळ्यांना एकेक करून हात लावून बघितला.